उरलेल्या डब्याचा हिशेब

पाळणाघरातून मूल न्यायला आलेले आई-बाबा दारातच जो प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो: "डबा संपला?" मूल रडलं का, झोपलं का, कोणाशी खेळलं, हे सगळं नंतर. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर गेली कित्येक वर्षं पाळणाघर चालवणाऱ्या काकू या प्रश्नाला खरं उत्तर देतात, आणि त्यापायी त्यांनी बरीच नाराजी ओढवून घेतली आहे. त्यांचा नियम असा की मुलाने जे खाल्लं नाही ते डब्यातच राहील आणि डबा तसाच घरी जाईल. अर्धी पोळी उरली तर अर्धी पोळी परत. भाजीला हातच लावला नसेल तर भाजी जशीच्या तशी परत.

हा नियम त्यांनी का केला, हे या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. उरलेला डबा घरी गेला की फोन येतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी डबा रिकामा करूनच पाठवला जातो. ते अन्न कधी दुसऱ्या मुलाच्या ताटात जातं, कधी सांभाळणाऱ्या बाईच्या, कधी कचऱ्यात. नाहीतर मुलाला दाबून भरवलं जातं. आई-बाबांचा आग्रह जितका मोठा तितका सांभाळणाऱ्या बाईचा हात कठोर होतो, हे काकूंनी पाहिलेलं आहे. पाळणाघरात मुलावर घासाची जबरदस्ती होते तेव्हा तिची सुरुवात बहुतेक वेळा संध्याकाळच्या त्या प्रश्नात असते, असं त्यांचं ठाम मत आहे. आणि ते पटतं.

डोंबिवलीतली मुलं लोकलच्या वेळापत्रकावर जागी होतात. आईला फोर्टला, वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा ऐरोलीला पोहोचायचं असतं, म्हणून साडेसातच्या आत मूल आणि डबा दोन्ही काकूंच्या हवाली होतात. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असंही त्यात आलं. रजा वाढली हे फार चांगलं झालं. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं तेही सहा महिने पूर्ण झाल्यावरच. घरात उष्टावण होतं त्याच्या आगेमागे आई कामावर रुजू होते. काही आठवडे बाळंतपणाआधीच घेतले असतील तर त्याहून लवकर. मूल खायला शिकतं त्या काळात दुपारचं जेवण त्याला दुसरंच कोणीतरी भरवत असतं, आणि आईला त्यातला फक्त डबा दिसतो.

तो डबाही मुलाच्या मापाचा नसतो. दीड वर्षाच्या मुलीचा तीन पुडांचा डबा येतो: एकात दोन पोळ्या, एकात वरणभात, एकात भाजी. शिवाय वेगळ्या डबीत शिरा आणि बरोबर केळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला एका जेवणात साधारण पाऊण ते एक वाटी अन्न पुरतं, वाटी अडीचशे मिलिलिटरची धरून. असं दिवसातून तीन-चार वेळा, आणि मध्ये एखाद-दोनदा थोडा खाऊ. डब्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट भरलेलं असतं. काकू नव्या आयांना एकदा ती वाटी दाखवतात. डबा अर्धा परत आला म्हणजे मूल अर्धपोटी राहिलं असं नव्हे, हे वाटी पाहिल्यावर लवकर पटतं.

एक वर्षानंतर मुलाची भूक कमी झाल्यासारखी वाटते, ही जवळजवळ प्रत्येक घरातली तक्रार आहे. "आधी किती छान खायचा!" हे वाक्य काकूंच्या कानांवरून रोज जातं. यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. जन्माच्या वेळी तीन किलोचं बाळ पाच महिन्यांत सहा किलोचं आणि वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोचं होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूकही उतरणारच. नेमकं त्याच सुमाराला मूल चालायला लागतं, त्याला जगातली प्रत्येक गोष्ट जेवणापेक्षा महत्त्वाची वाटते, आणि दीड-दोन वर्षांचं झालं की अनोळखी पदार्थांची त्याला धास्ती बसते. ही धास्तीही वयाचाच भाग आहे. नवी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा कुठे मूल ती तोंडात घेतं. घरात मात्र दोनदा नाकारलेली भाजी "त्याला आवडत नाही" या यादीत कायमची जाते.

काकूंच्या वह्यांमध्ये प्रत्येक मुलाचं रोजचं खाणं लिहिलेलं असतं. सोमवारी अडीच घास आणि पाणी. मंगळवारी वाटीभर खिचडी, वर अर्धी मागितली. बुधवारी नुसतं ताक आणि भाताची चार शितं. एकेक दिवस वाचला तर आईच्या पोटात गोळा येईल, पण आठवडा एकत्र वाचला की चित्र बदलतं. अमेरिकेत लिआन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून दाखवलं. दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी चोवीस तासांत काय काय खाल्लं याची त्यांनी अनेक दिवस नोंद केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. एकाच मुलाच्या एकेका जेवणातल्या उष्मांकांत सरासरी ३३.६ टक्के चढउतार होता. पूर्ण दिवसाच्या बेरजेत तो १०.४ टक्के इतकाच उरला. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी किंवा रात्री ते भरून काढत होतं, कोणी न सांगता. म्हणून काकू पालकांना वही आठवड्याच्या शेवटी वाचायला देतात. रोजचं तोंडी सांगतात, पण कागद शनिवारीच.

यावर पालकांचा रास्त प्रश्न येतो. थोडा आग्रह केला तर बिघडतं कुठे? चार घास जास्तच जातात ना?

जातात, कधीकधी. पण किंमत मोजून. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा पाळणाघरात आला तेव्हा घास गालात धरून बसायचा. अर्धा तास, पाऊण तास. गिळायचा नाही, थुंकायचाही नाही. झोपवताना त्याच्या गालात सकाळची पोळी सापडायची, आणि ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. घरी त्याला दोघं मिळून भरवत. एकजण हात धरे, दुसरा तोंडात घास सारे. तोंड उघडलं नाही तर नाक चिमटीत धरायचं, म्हणजे श्वासासाठी तोंड उघडतंच. उलटी झाली तर पुसून पुन्हा भरवायचं. हे करणारी माणसं क्रूर नव्हती. मुलगा वजनाला कमी होता, डॉक्टरांनी "वजन वाढवा" असं सांगितलं होतं, आणि त्या दोन शब्दांनी घर हादरलं होतं. नाक दाबून पाजायची रीतही आपल्याकडे नवी नाही. पसरलेल्या पायांवर बाळाला आडवं घेऊन बोंडल्याने पेज घशाखाली उतरवणाऱ्या आज्यापणज्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. पण रडणारं मूल हुंदक्याबरोबर हवा आत ओढतं, आणि त्याच वेळी तोंडात अन्न असेल तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. रडत्या मुलाच्या तोंडात घास घालायचा नाही, या एका गोष्टीवर काकू कोणाशीही वाद घालत नाहीत. तो त्यांच्याकडे हुकूम आहे.

त्या मुलाला त्यांनी पहिले काही आठवडे भरवलंच नाही. इतर मुलांच्या रांगेत सतरंजीवर बसवलं, छोट्या ताटलीत हाताने उचलता येतील असे पदार्थ ठेवले. भाकरीचा कुटका, उकडलेल्या बटाट्याची फोड, मऊ गाजर, धिरड्याचा तुकडा. ताटलीकडे कोणी पाहायचं नाही, "खा ना रे" म्हणायचं नाही, कौतुकही करायचं नाही. अर्ध्या तासाने ताटली उचलायची. पहिले काही दिवस त्याने बटाटा नुसता कुस्करला. आई-बाबांचा जीव टांगणीला लागला होता, आणि काकूंचाही. दर सोमवारी वजन करून त्या ते वहीत लिहीत. शेजारच्या मुलीच्या ताटलीतला धिरड्याचा तुकडा त्याने एक दिवस उचलून खाल्ला, तेव्हा त्या दोन्ही मुलांना कोणी काही बोललं नाही. गालात घास धरणं थांबायला मात्र बरेच महिने लागले.

दबावाचा परिणाम मोजणारा एक नेमका प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एमी गॅलोवे, बर्च आणि सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या २७ मुलांना काही आठवडे दोन प्रकारची सुपं दिली. एक देताना "सूप संपव" असं पुन्हा पुन्हा सांगायचं, दुसरं देताना काहीच बोलायचं नाही. मुलांनी जास्त प्यायलं ते न सांगितलेलं सूप. ज्याचा आग्रह झाला त्याबद्दल त्यांनी नापसंतीचे उद्गारही जास्त काढले. आग्रह तरी कसला, फक्त शब्दांचा. हात धरणं नाही, नाक दाबणं नाही.

न खाण्याची कारणं शोधायला बसलं की ती कितीतरी सापडतात, आणि काकूंच्या कामाचा खरा कस तिथे लागतो. एक कारण मिक्सर. वर्ष उलटलं, दाढा फुटू लागल्या, तरी डब्यात मिक्सरमधून काढलेली खिचडीच येते, कारण ती पटकन भरवता येते. अशा मुलाला पोळीचा तुकडा दिला की ते ओकारी काढतं, आणि घरचे म्हणतात, "बघा, त्याला चालतच नाही." चावणं शिकायचंही वय असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीत असं दिसलं की ज्यांना दहा महिन्यांनंतर गुठळ्या असलेलं, चावायचं अन्न सुरू झालं, त्यांना पुढे सव्वा वर्षाच्या वयात भरवणं जास्त अवघड गेलं. सातव्या वर्षीही त्यांच्या खाण्याच्या अडचणी जास्त होत्या. खिमट, मऊ भात, मग हाताने कुस्करलेली डाळ-पोळी, मग वर्षाच्या सुमाराला घरातलंच कमी तिखट जेवण, ही आपली जुनी चढण यासाठी योग्यच होती. मिक्सरने तिच्या मधल्या पायऱ्या काढून टाकल्या.

दुसरं कारण दूध. अडीच वर्षांची एक मुलगी जेवणाच्या ताटाला हात लावत नसे. घरी चौकशी केली तेव्हा कळलं की ती सकाळी उठल्यावर, संध्याकाळी घरी गेल्यावर, रात्री झोपताना आणि पहाटे झोपेत अशा चार बाटल्या दूध पिते. जेवत नाही म्हणून दूध, आणि दुधाने पोट भरलं म्हणून जेवण नाही. या वयात दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुष्कळ होतं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं पण लोह मिळत नाही, कारण दुधात ते नाममात्र असतं. ती मुलगी पांढुरकी दिसत होती. बालरोगतज्ज्ञांकडे रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन कमी निघालं, आणि लोह कमी असलं की भूकही मंदावते. लोहाचं औषध सुरू झालं, बाटली बंद होऊन पेला आला, दूध दोन वेळांवर आलं, तशी ती ताटाकडे वळली. तिला एवढे दिवस जे भरवण्याचे प्रयत्न चालले होते, त्यांतला एकही त्या रक्ताच्या चाचणीइतका उपयोगी नव्हता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षय किती आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं: ६८.९ टक्के. "खात नाही" म्हणून ज्यांच्यावर आग्रह होतो त्यांतली किती मुलं या आकड्यात असतील, हा विचार मनातून जात नाही.

आणि कधी कारण त्या दिवसापुरतंच असतं. पावसाळ्यात एखादं नीट जेवणारं मूल अचानक पहिल्या घासालाच रडलं की काकू आधी त्याचं तोंड उघडून टाळू आणि जीभ पाहतात, मग तळहात, मग तळपाय. हँड-फूट-माउथची साथ या भागात पावसाळ्यात येते. तोंडातल्या फोडांना आमटी लागली की मूल किंचाळतं. अशा मुलाला थंड दही-भात किंवा ताक देऊन घरी फोन करायचा असतो. तिथे आग्रह करणं म्हणजे जखमेवर तिखट लावणं.

इथपर्यंत सगळं एका बाजूचं झालं. मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवा, ताट समोर ठेवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. पण काकूंच्या मदतीला असलेल्या मावशी हे ऐकतात आणि मान हलवतात. त्या शहापूर तालुक्यातल्या. आसनगावहून लोकलने येतात. इथे यायच्या आधी त्या गावाकडे अंगणवाडीत मदतनीस होत्या, आणि तिथली मुलं त्यांच्या मनातून गेलेली नाहीत.

"भूक लागली की मागंल, हे इथल्या पोरांचं झालं," त्या म्हणतात. "जे पोर रडून मागतं त्याची मला कधी भीती वाटली नाही. गप पडून राहतं, ताटाकडं बघत नाही, त्याची वाटायची."

त्यांचं म्हणणं वैद्यकशास्त्राला धरून आहे. तीव्र कुपोषित मुलाची भूक मरते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल अन्न मागेल याची वाट पाहत बसणं धोक्याचं असतं. गावात ग्राम बालविकास केंद्र चालतं तिथे अशा मुलाला दाखल करताना भुकेची चाचणी करतात. स्वच्छ हातांनी, शांत जागी, आईच्या मांडीवर बसवून ठरावीक उपचार-आहार द्यायचा, प्यायला पाणी द्यायचं आणि मूल आपणहून किती खातं ते पाहायचं. आईने गोडीगुलाबीने द्यायचं, कोंबायचं मात्र नाही, हे त्या चाचणीच्या नियमांतच आहे. कारण कोंबलं तर चाचणीच फुकट जाते. मुलाने खाल्लं तर गावातच उपचार होऊ शकतात. नाही खाल्लं तर त्याचा अर्थ आत काहीतरी बिघडलेलं आहे, जंतुसंसर्ग असेल, आणि त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा रुग्णालयात हलवायचं. मावशींनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मूल तोंड मिटतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं, आणि ते ऐकणाऱ्या माणसाने कधी गाडी बोलवायची असते.

शिवाय पाड्यावर प्रश्न आग्रहाचा नव्हताच. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार मात्र पाकिटातून घरी जातो, आणि घरी तो सगळ्यांत वाटला जातो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडं किंवा केळं मिळतं तेव्हा मुलं ते सोडत नाहीत. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर गेले की ही सगळी साखळी तुटते. उन्हात काम करणाऱ्या आईला दुपारी लेकराजवळ बसून दहा मिनिटं भरवायला उसंत नसते. लेकरू थंडगार भात चिवडतं, पोट चिमुकलं असल्याने पातळ पेजेने लगेच भरतं आणि तासाभरात रिकामं होतं. तिथे मूल किती खातं यापेक्षा त्याच्या पुढ्यात काय येतं, किती वेळा येतं, आणि त्याच्या शेजारी कोण बसतं, हा प्रश्न असतो. राज्यात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने वजनाला कमी आहेत, असं त्याच पाहणीने नोंदवलं आहे. त्या मुलांच्या आयांना "जबरदस्ती करू नका" एवढंच सांगून निघून येणं अन्यायाचं आहे.

मावशींचा आणि काकूंचा हा वाद जेवणाच्या वेळी, भांडी घासताना, मुलं झोपल्यावर, पुष्कळ दिवस चालला. त्यातून पाळणाघराची रीत बदलली. शिकागोच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांचा एक जुना अभ्यास या वादाच्या मुळाशी जातो. त्यांनी १९२६ पासून नुकत्याच अंगावरून तुटलेल्या १५ बाळांना आपलं अन्न आपण निवडू दिलं. परिचारिका चमचा घेऊन शेजारी गप्प बसे. बाळाने एखाद्या वाडग्याकडे हात केला तरच घास देई. कोणी एकाच जेवणात अनेक केळी खाल्ली, कोणी काही दिवस अंडीच. मुडदूस झालेल्या एका बाळाने कॉडलिव्हर तेल पाहिजे तेवढं स्वतःहून घेतलं आणि बरं झाल्यावर सोडून दिलं. सगळी मुलं उत्तम वाढली. मुलांना स्वतःचं पोट कळतं याचा पुरावा म्हणून हा अभ्यास नेहमी सांगितला जातो. पण डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्वतःच बजावून ठेवलं होतं की खरी किमया यादीत आहे. बाळांसमोर ठेवलेले ३४ पदार्थ साधे, ताजे, सकस होते. मांस, मासे, यकृत, धान्यं, फळं, भाज्या, दूध. साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. वाईट निवड करायला त्या मेजावर जागाच नव्हती. मोठ्यांनी आपलं काम आधीच पुरं केलं होतं.

काकूंच्या पाळणाघरातून क्रीमची बिस्किटं आणि कुरकुरीत पुड्या गेल्या त्या या विचाराने. अकराला बिस्किट खाल्लेलं मूल बाराला जेवत नाही, हे वहीत आधीच दिसत होतं. वरणभातावर तूप, खिचडीत शेंगदाण्याचा कूट, उकडलेलं अंडं, दाणे घातलेली चटणी असं थोड्या घासांत जास्त बळ देणारं अन्न डब्यात असावं, हे मावशींनी आयांना शिकवलं. आख्खे शेंगदाणे आणि आख्खी द्राक्षं मात्र बंद, कारण ती घशात अडकतात. तापातून किंवा जुलाबातून उठलेल्या मुलासाठी नियम वेगळा असतो. त्याला पुढचे दोनेक आठवडे रोज एक जादा जेवण मिळतं, मावशी त्याला मांडीवर घेऊन बसतात, बोलत बोलत, थांबत थांबत भरवतात. त्याने तोंड फिरवलं की थांबायचं, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. वजनाची रेघ वाढीच्या तक्त्यावर खाली कलू लागली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. एखादं मूल जन्मापासून लहानखुरं असतं, आई-बाबाही लहान चणीचे असतात, आणि तक्त्यावर ते खालच्या रेघेजवळून पण तिला समांतर वर चढत असतं. अशा मुलाला सोडून द्यायचं. दोघांतला फरक तक्त्यावर दिसतो, उरलेल्या डब्यावरून तो कळत नाही.

चिऊ-काऊचे घास या सगळ्यात कुठे बसतात, असं एका आजींनी काकूंना थोडं रागावूनच विचारलं होतं. "अहो, आम्ही आमची चार मुलं गोष्टी सांगतच वाढवली!" काकूंनी त्यांना पाळणाघरात येऊन बसायला सांगितलं. आजी आल्या, मुलांना गोळा करून गोष्ट सांगत भरवू लागल्या. मुलं तोंडाकडे बघत, हसत, आ करत होती, नको असलं की उठून जात होती. गोष्टीत गुंगलेलं मूल सांगणाऱ्या माणसाकडे पाहत असतं, आणि माणूसही त्याच्याकडे पाहत असतो. पोट भरल्याची खूण दोघांनाही कळते. मोबाइल लावून भरवताना मूल पडद्याकडे पाहतं, भरवणारा चमच्याकडे, आणि ती खूण कोणालाच कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नका आणि पाचपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत ठेवा असं सांगितलं आहे. काकूंकडे जेवणाच्या वेळी सगळे फोन फ्रिजवर जातात, मावशींचाही. आजी अजूनही येतात.

सर्वांत अवघड ठरली ती रात्रीची वेळ, जी पाळणाघराच्या हातात नाही. आई साडेसात-आठला घरी पोहोचते. मूल जागं असतं ते दीड-दोन तास. दिवसभर आपण जवळ नव्हतो ही टोचणी, आणि त्या दोन तासांत करता येण्याजोगं, मोजता येण्याजोगं एकच काम: पोटभर जेवू घालणं. घास संपत नाहीत तेव्हा आवाज चढतो. एका आईने काकूंना सांगितलं की दिवसभरात तिला मुलीचा फक्त एक तास मिळतो आणि तो ताटासमोर रडण्यात जातो. हे ऐकून कोणी तिला काय सल्ला देणार? काकूंनी सल्ला दिला नाही, त्यांनी आपल्याकडचं वेळापत्रक पाहिलं. मुलं रडू नयेत, आई-बाबांची वाट पाहताना कंटाळू नयेत म्हणून पाळणाघरात सहा-साडेसहाला पोहे किंवा दूध-पोळी देत असत. घरी पोहोचेपर्यंत पोटात जागाच उरत नव्हती.

आता तो खाऊ साडेचारला, झोपून उठल्याबरोबर मिळतो. सहानंतर पाणी मिळतं, आणि एखादं मूल फारच भुकेलं असेल तर काकडीची किंवा पपईची फोड. सुरुवातीला संध्याकाळी रडारड वाढली, म्हणून मावशींनी त्या वेळात मुलांना इमारतीच्या आवारात खेळायला न्यायला सुरुवात केली. त्या आईने दोन आठवड्यांनी कळवलं की मुलगी आता घरी आल्याबरोबर स्वतः ताट मागते, रात्रीचं जेवण साडेआठऐवजी आठला करावं लागतं, आणि कामावरून आल्या आल्या कुकर लावायला वेळ पुरत नाही. त्यावर दोघींनी मिळून तोड काढली. तांदूळ-डाळ सकाळीच धुऊन फ्रिजमध्ये ठेवायची, आणि बाबांची लोकल आधी पोहोचते त्या दिवशी कुकर त्यांनी लावायचा.